जांघेतील फुगवटा आणि मूत्राशयाचा कर्करोग

दुःखाचे कारण जाणल्याविना निवारणाचा मार्ग सापडत नाही, ही तथागतांची शिकवण आम्ही या विद्यालयात शिकलो. शरीराच्या व्याधीलाही तीच रीत लागू पडते.

कर्जत-खालापूरच्या खेड्यांत भाताची पोती आणि लाकडाच्या मोळ्या वाहिलेल्या कित्येक वडीलधाऱ्यांच्या जांघेत फुगवटा असतो. संकोचापायी तो वर्षानुवर्षे लपविला जातो. हा हर्निया, म्हणजेच अंतर्गळ. पोटाच्या भिंतीतील दुर्बळ जागेतून बहुधा चरबी किंवा आतडे खाली उतरते. शंभरांतील सुमारे १ ते ४ रुग्णांत मात्र मूत्राशयाचा भाग उतरतो. अगदी क्वचित त्या भागातच कर्करोग असतो.

दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. लघवी झाल्यावर फुगवटा दाबला असता पुन्हा लघवी होणे, ही मूत्राशय उतरल्याची खूण. वेदनेविना लघवीतून रक्त जाणे, ही कर्करोगाची संभाव्य खूण. रक्त एकदाच दिसून थांबले तरी तपासणी टाळू नये.

सोनोग्राफीत फुगवट्यातील द्रव मूत्राशयाशी जोडलेला आहे काय, त्याच्या भिंतीवर गाठ आहे काय, हे पाहता येते. सीटी स्कॅनमध्ये शिरेतून दिलेले औषध काही मिनिटांनी मूत्राशयात उतरते. तेव्हा मूत्राशय डमरूसारखे दिसू शकते आणि गाठीच्या जागी औषध न भरलेली पोकळी राहते. मात्र स्कॅन जांघेच्या वरच थांबला, तर रोगच चित्राबाहेर राहतो. दुर्बीणही उतरलेल्या भागापर्यंत पोहोचेलच असे नाही. अंतिम निर्णय बायोप्सीचा.

हे आधी न कळल्यास हर्नियाच्या शस्त्रक्रियेत मूत्राशयाला इजा होऊन कर्करोगाच्या पेशी पसरण्याची भीती असते. आधी कळल्यास दोन्ही व्याधींचे उपचार एकत्र योजता येतात.

धूम्रपान हे या कर्करोगाचे सर्वांत मोठे ज्ञात कारण आहे. रंगकारखान्यातील कामगारांना जडणाऱ्या या रोगाची नोंद जर्मन शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये केली. त्याच वर्षी राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. कारण आणि ते पाहण्याचे साधन, दोन्ही एकाच वर्षी जगासमोर आले.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे : घरातील वडीलधाऱ्यांना या दोन्ही खुणांविषयी मोकळेपणाने विचारा. डॉक्टरांना फुगवटा आणि रक्त या दोन्ही गोष्टी एकत्र सांगा. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयापासून सुरुवात करा. गरज पडल्यास परळचे टाटा स्मारक रुग्णालय लोकलच्या वाटेवरच आहे. आजारी भिक्खूची स्वहस्ते शुश्रूषा करणाऱ्या बुद्धांच्या अनुयायांना रुग्णाची लाज वाटता कामा नये.