विधान भवन पाहायला जाऊ या



मागच्या ग्रामसंघाच्या बैठकीत नागपूरच्या सहलीचा विषय निघाला. मी विधान भवनाचं नाव घेतलं, तर एक काकू लगेच म्हणाल्या, "मॅडम, तिथं आपलं काय काम जी?" या महिन्याचा पाठ याच प्रश्नावर.

थोडा इतिहास
नागपूर १९५६ पर्यंत राजधानीच होतं. आधी मध्यप्रांत-वऱ्हाडची, मग मध्य प्रदेशची. १९५३ च्या नागपूर करारात ठरलं, की विदर्भ मराठी राज्यात आला तर विधिमंडळाचं वर्षातून निदान एक अधिवेशन नागपुरात भरेल. म्हणून हिवाळी अधिवेशन इथं होतं. सरकार आपल्या दाराशी येतं ती मेहरबानी नाही, ठरलेली गोष्ट आहे.

आणखी एक. इथल्याच विधानसभेत १९३७ साली अनसूयाबाई काळे उपाध्यक्ष झाल्या. तेव्हा बहुतेक बायकांना मताचाही हक्क नव्हता! मग आपलं काम नाही, असं कसं?

काय पाहायचं?
विधान भवन, त्याच्या जवळचा झिरो माइलचा दगडी खांब आणि चार घोडे. पुढे सिव्हिल लाइन्समध्ये उच्च न्यायालयाची घुमटाची इमारत, जिचं उद्घाटन १९४० साली झालं. रामटेकहून नागपूर साधारण पन्नास किलोमीटर. सकाळच्या एसटीनं गेलं तर संध्याकाळी घरी.

तयारी
१. अधिवेशनाचं कामकाज पाहायला पास लागतो. आपल्या आमदारांच्या कार्यालयात नावांची यादी देऊन आधीच अर्ज करा.
२. अर्जाच्या दोन प्रती काढा. एकीवर पोच घ्या.
३. प्रत्येकीनं मूळ आधार कार्ड जवळ ठेवावं.
४. गॅलरीत मोबाइल चालत नाही. टाळ्या, घोषणाही नाहीत. शांत बसून ऐकायचं.

मोठ्या इमारतीची भीती एकदा आत जाऊन आलं की कमी होते. मग तहसीलच्या खिडकीवर बोलतानाही आवाज अडकत नाही.

गटात चर्चा करा
- आपल्या गावाचा कोणता प्रश्न आमदारांनी सभागृहात मांडावा?
- तो चार ओळींत कोण लिहील?

ते चार ओळींचं निवेदन पासच्या अर्जासोबतच द्या. म्हणजे काकूंच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या हातात असेल.