प्राचीन सागरमार्ग

मुलांनो, नांदेड-लातूरच्या माळावरील काळा दगड तुम्ही पाहिला आहे ना? त्यात शिंपला आढळत नाही, कारण हा दगड अग्नीतून जन्मला आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडल्या. त्यांतून तप्त शिलारस वर आला आणि थरावर थर साचत गेले. 1993 च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारी येथे खोल छिद्र घेतले, तेव्हा या दगडाची जाडी 338 मीटर भरली!

मग प्राचीन सागराच्या खुणा कोठे मिळतात? उत्तरेस नर्मदेच्या खोऱ्यात, बाघ गावाजवळ. तेथील चुनखडकांत सागरी शिंपले व शार्क माशांचे दात सापडतात. सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी जगभर सागराची पातळी उंचावली होती. त्या वेळी पश्चिमेकडून सागराचा एक फाटा या सखल भागात शिरला. कालांतराने पाणी ओसरले व त्या मार्गावर शिलारस पसरला.

पूर्वेकडील साक्ष आपल्या गोदावरीच्या काठी आहे. नांदेडहून ती वाहत वाहत राजमहेंद्रीला पोहोचते. तेथे शिलारसाच्या दोन थरांमध्ये सागरी शिंपले दडलेले आहेत. म्हणजे एक थर निवाल्यावर तेथे समुद्र आला आणि पुन्हा शिलारसाखाली गाडला गेला!

आज जेथे नांगर चालतो, तेथे उद्या काय असेल हे कोणी सांगावे? भूमी व सागर यांच्या सीमा कायमच्या नाहीत. त्यांचा इतिहास मात्र दगडांनी जपला आहे.

स्वाध्याय : बाघ येथील खडकांत सागरी शिंपले कसे आले?