देवीचा रोग जगातून कसा गेला

माझ्या आजीच्या तोंडावर बारीक बारीक वण आहेत. मी विचारले तर ती म्हणते, "देवी आल्या होत्या रे." ती सात वर्षांची असताना तिला आणि तिच्या धाकट्या भावाला एकदमच ताप आला, मग अंगभर फोड. आजी वाचली. भाऊ गेला. तेव्हा लोक दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधायचे आणि टोचणारा माणूस आला की पोरांना कणगीमागे लपवायचे.

आता हा रोग जगात कुठेच नाही. तो कसा गेला ते गुरुजींनी सांगितले, ते मी लिहीत आहे.

जागतिक आरोग्य संघटना १९४८ साली स्थापन झाली. तिची कचेरी स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा येथे आहे. मला वाटायचे तो मोठा दवाखाना असेल. पण तसे नाही. तेथे निरनिराळे देश जमून ठरवतात आणि मग काम ज्याने त्याने आपल्या देशात करायचे. १९५९ साली देवी घालवायचे ठरले, पण पैसा कमी पडला. म्हणून १९६७ साली पुन्हा जोराने सुरुवात केली. तेव्हा ३१ देशांत देवी होत्या. रशिया आणि अमेरिका यांचे त्या वेळी अजिबात पटत नव्हते. तरी रशियाने पुष्कळ लस दिली आणि कामाचे प्रमुख अमेरिकेचे डॉक्टर हेंडरसन होते. मला ही गोष्ट फार आवडली.

लस सुकवलेली होती, त्यामुळे ती गरम हवेतही टिकायची. सुईला दोन टोके होती. दोन टोकांच्या मधे लसीचा एक थेंब राहतो, आणि हातावर १५ वेळा टोचायचे. बहुतेक देशांत तीच पद्धत. प्रत्येक देशाने किती रोगी सापडले ते कळवायचे. एका देशाने लपवले तर शेजारच्या देशात रोग जाणारच.

आधी सर्वांनाच टोचत होते. पण १९६६ साली नायजेरियात लस कमी पडली. तेव्हा डॉक्टर फेगी यांनी रोगी शोधून फक्त त्याच्या आसपासच्या लोकांना टोचले. शेतात आग लागली की आपण भोवतीचे गवत कापतो, तसेच हे. आणि रोग थांबला!

आपल्या देशात १९७४ साली बिहारमध्ये मोठी साथ आली. कामगार घरोघर जात, रोग्याचे चित्र दाखवीत आणि विचारीत, असा कोणी पाहिला का? खबर देणाऱ्याला बक्षीस होते, शेवटी शेवटी तर १००० रुपये. मे १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रोगी सापडला.

जगातला शेवटचा नैसर्गिक रोगी सोमालियात १९७७ साली सापडला. त्याचे नाव अली माओ मालिन. तो दवाखान्यात स्वयंपाकी होता, पण सुईला भिऊन त्याने टोचून घेतले नव्हते. (आमच्या वर्गातही असे आहेत. नाव सांगत नाही.) तो बरा झाला आणि पुढे पोलिओच्या कामात लोकांना समजावू लागला. नंतर दोन वर्षे सगळीकडे शोधून खात्री केली, आणि ८ मे १९८० रोजी देवी संपल्याचे जाहीर झाले.

मग कोरोना असा का गेला नाही? मी विचारले. गुरुजी म्हणाले, देवीचा रोगी तोंडावरून ओळखू येतो. कोरोना झालेला माणूस चांगला दिसतो आणि तरी दुसऱ्याला देतो. शिवाय देवी जनावरांना होत नव्हती, कोरोना होतो. कोरोनाच्या वेळी संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी सर्व देशांना धोक्याची सूचना दिली होती. पण २०२० च्या शेवटी लस आली तेव्हा श्रीमंत देशांनी आधी घेतली, गरीब देशांना उशिरा मिळाली. हे बरोबर झाले नाही असे मला वाटते.

माझ्या दंडावर टोचल्याची खूण आहे. मी ती देवीची समजत होतो, पण ती बी.सी.जी.ची, क्षयरोगाची आहे. देवीची लस आता शाळेत कोणाला देत नाहीत.

देवीचे विषाणू मात्र अजून दोन ठिकाणी कुलपात ठेवले आहेत, एक अमेरिकेत आणि एक रशियात. आजीला हे सांगितले तर ती रागावली. "जाळून का नाही टाकत?" म्हणाली. मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, शास्त्रज्ञांचेही यावरून अजून भांडण चालू आहे.

– इयत्ता चौथी