संबंध, स्थान आणि संग्रहालय

असन्निधानीच्या साधकास परमार्गात स्मरणाचे चार आश्रय सांगितले आहेत : स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक. यांपैकी पहिल्या दोहोंविषयी अलीकडे उपदेशी मंडळींकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. वस्तुसंग्रहालयात काचेच्या पेटीत आपली एखादी जुनी पोथी दिसते, किंवा यादवकालीन म्हणून मांडलेला एखादा पाषाण दिसतो. तेथे काय करावे? दंडवत घालावे, की इतर प्रेक्षकांप्रमाणे पाहून पुढे जावे? आणि त्याच्याच पोटात दुसरा प्रश्न असतो, तो बहुधा हळू आवाजात विचारला जातो : मठातल्या पोथ्या अशा ठिकाणी द्याव्यात काय?

पहिला प्रश्न शास्त्राचा आहे, म्हणून आधी तो पाहू. प्रसादाची वंद्यता त्याच्या द्रव्यात नाही. वस्त्र जीर्ण असेल, पाषाण ओबडधोबड असेल, तरी त्यास श्रीमूर्तीचा संबंध घडला म्हणून तो वंद्य होतो. उलट, रत्नजडित वस्तू असली आणि संबंध नसला तर ती केवळ प्रपंच होय. येथवर सर्वांस ठाऊक आहे. परंतु पुढची पायरी आपण बहुधा उतरत नाही. संबंध हा डोळ्यांना दिसत नाही. एकाच खाणीतले दोन दगड शेजारी ठेवले, त्यांतील एकास श्रीचरणांचा स्पर्श झालेला आहे. पाहणाराने कितीही न्याहाळले तरी कोणता तो कळणार नाही. तो कळतो सांगण्यावरून. ज्याने पाहिले त्याने सांगितले, ज्याने ऐकले त्याने पुढे सांगितले, आणि ही सांगण्याची साखळी तुटली नाही, म्हणून संबंध टिकला. साखळी तुटली की पाषाणातील संबंध नाहीसा होतो असे मी म्हणत नाही. तो आपल्यापुरता नाहीसा होतो, इतकेच. मग त्यास केलेले नमन अनुमानाचे नमन ठरते.

आपल्या पूर्वाचार्यांनी हे फार लवकर ओळखले होते. म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या त्या एके जागी बसून नव्हे. ज्याच्या समक्ष लीळा घडली त्याच्याकडे ते गेले, त्याच्या तोंडून ती ऐकली, श्रीनागदेवाचार्यांच्या सान्निध्यात ती पारखून घेतली आणि मग लिहिली. पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ ग्रंथ हरपला. तेव्हा ज्यांना तो मुखोद्गत होता त्यांच्या आठवणीवरून तो पुन्हा सिद्ध झाला, आणि असे करताना कोणता पाठ कोणाचा हे लपविले गेले नाही. हिराइसेचा पाठ हिराइसेच्या नावावर राहिला. जेथे दोघांचे सांगणे जुळले नाही तेथे ‘वासना’ आणि ‘शोधु’ म्हणून दोन्ही जवळजवळ ठेवले गेले. आजचा संपादक पाठभेद देतो त्यात आपणांस नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्या घरी ही शिस्त आधीपासून आहे.

तीच शिस्त स्थानपोथीत अधिक काटेकोर झालेली दिसते. मुनिव्यास कोठी यांच्या नावे असलेला हा ग्रंथ चौदाव्या शतकाच्या मध्याचा मानला जातो. प्रथम वाचणाऱ्यास तो रूक्ष वाटतो. आमच्यापैकी कित्येकांनी त्याचे पारायण केवळ पुण्यबुद्धीने केले आणि अर्थाकडे पाहिले नाही. परंतु तो तीर्थमाहात्म्य नव्हे. त्यात फलश्रुतीची आरास नाही. गाव कोणते, त्या गावाच्या कोणत्या अंगास देऊळ, देवळाचे दार कोणत्या दिशेस, पटिसाळ कोठे, आणि त्या पटिसाळेच्या कोणत्या भागी आसन झाले. अवस्थान कोठे, वसति कोठे, विहरण कोठे, असा हा मोजून मापून दिलेला हिशेब आहे. गाव बदलेल, देऊळ पडेल, ओटा उकरला जाईल, हे जणू लिहिणाऱ्यास आधीच कळले होते. म्हणून त्याने स्थानाचे वर्णन केले नाही, त्याचा पत्ता लिहून ठेवला.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून संग्रहालयाकडे वळू. उदाहरणादाखल खानदेशातले धुळे घेऊ. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथे देह ठेवला आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, ९ जानेवारी १९२७ रोजी, त्यांनी जमविलेल्या कागदपत्रांचे जतन व्हावे म्हणून त्यांच्या नावे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्या मंडळाचे संग्रहालय हे एका प्रांताच्या स्मृतीचे कोठार आहे : मूर्ती, नाणी, हस्तलिखिते आणि दप्तरे. ज्या भूमीत चाळीसगाव, कनाशी, चांगदेव ही आपली स्थाने आहेत त्याच भूमीचे ते संचित होय. राजवाड्यांची सर्वच मते आपणांस मान्य व्हावीत असे नाही. त्यांची लेखणी तिखट होती आणि निर्णय अनेकदा घाईचे होते. परंतु गावोगाव पायपीट करून, वाडे आणि माळे धुंडाळून, ज्याच्या घरी कागद त्याच्या दारी जाऊन त्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड प्रसिद्ध केली. आणि अमुक कागद अमुक घराण्याकडचा हे सांगण्याचे महत्त्व महाराष्ट्रास पटविले. म्हाइंभटांची साधना आणि राजवाड्यांचे संशोधन यांचे प्रयोजन सर्वस्वी निराळे आहे. एकाचे स्मरणासाठी, दुसऱ्याचे इतिहासासाठी. पण पायवाट एकच आहे. दोघेही सांगणाऱ्याच्या दाराशी गेले.

आता संग्रहालय काय राखू शकते आणि काय राखू शकत नाही, ते स्थानपोथीच्या डोळ्यांनी पाहावे. जुन्या देवळाची एखादी कोरीव द्वारशाखा दालनाच्या भिंतीस टेकवून ठेवलेली अनेक ठिकाणी आढळते. खाली पाटीवर शतक असते, दगडाची जात असते, कधी गावाचे नावही असते. वेलबुट्टी शाबूत असते, प्रकाशही चांगला पडलेला असतो. परंतु दार कोणत्या दिशेस होते हे तेथे नसते. स्थानपोथीकारास वेलबुट्टीचे काहीच नव्हते. त्याला दिशा हवी होती, कारण दिशेवरून पटिसाळ कळते आणि पटिसाळेवरून आसन. दगड आला, दिशा मागे राहिली. कलेच्या अभ्यासकास ही उणीव जाणवणार नाही. आपणांस मात्र नेमकी तीच जाणवली पाहिजे. म्हणूनच मूळ जागी उभे असलेले मोडके देऊळ हे दालनातल्या अखंड द्वारशाखेपेक्षा आपल्या दृष्टीने अधिक बोलके होय.

येथे आणखी एका शंकेचा निरास केला पाहिजे. अनन्यभक्तीच्या साधकाने देवतामूर्तींनी भरलेल्या दालनात जावे काय, असे काही जण विचारतात. स्वामींचे अवस्थान ठिकठिकाणी देवतांच्या देवळांतच झाले आहे. आपण त्या स्थळी नमस्कार करतो तो देवतेस नव्हे, श्रीचरणसंबंधास. देवळात जे बाधक नाही ते संग्रहालयात बाधक कसे होईल? तेथे तर पूजाही नसते. मूर्तीवरून काळ कळतो, दागिने व वस्त्रप्रावरणे कळतात, वाद्ये, शस्त्रे, भांडी कळतात; आणि लीळाचरित्रातील जे शब्द आज व्यवहारातून गेले आहेत त्यांचा अर्थ लावताना ही ओळख उपयोगी पडते. निरूपण करणाऱ्याने असे दालन एकदा सावकाश पाहावे, असे माझे मत आहे.

पोथीचा विचार याहून नाजूक आहे. आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी, वज्र, अंक अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या गेल्या. अक्षरे नागरीच दिसतात, पण वाचू जाता अर्थ लागत नाही. काचेच्या पेटीत अशी पोथी उघडून ठेवली तर हजारो प्रेक्षक ती पाहतील आणि एकही वाचणार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, वि. ल. भावे आदी अभ्यासकांस या लिपीची उकल झाली. भाव्यांची महानुभावीय ग्रंथांची सूची १९२४ साली निघाली. पुढे यवतमाळचे य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांनी हे वाङ्मय महाराष्ट्रापुढे ठेवले. या कामामागे अनेक महंतांचे औदार्य आहे, हे विसरता कामा नये. त्यांनी पेटारे उघडले नसते तर ही सूची झाली नसती. लिपी उकलली तरी शब्दाचा पारमार्थिक अर्थ परंपरेच्या निरूपणावाचून उकलत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून पोथी संग्रहात आणि निरूपण मठात, अशी फारकत झाली तर दोन्हीकडे अर्धे अर्धेच राहील.

नुसते छापून प्रसिद्ध केले म्हणजे मूळ पोथीचे काम संपले, असेही समजू नये. राजवाड्यांनी १९०९ साली एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली. ती पोथी आज उपलब्ध नाही. तिच्या काळाविषयी आणि पाठाविषयी विद्वानांचा वाद झाला, पण निवाडा करावयास मूळच उरले नाही. साधनांच्या जतनासाठी आयुष्य वेचलेल्या पुरुषाच्या हातून असे झाले. मग तुमची आमची काय कथा.

भिक्षुकाने संग्रह करू नये ही आचाराची आज्ञा आहे, तेव्हा पोथ्यांचे ढीग सांभाळणे हाच मुळी दोष नव्हे काय, असा आक्षेप एका वयोवृद्ध तपस्व्यांनी माझ्यापाशी घेतला होता. आक्षेप थोर आहे. परंतु संग्रहाचा निषेध ममत्वासाठी आहे. पोथी माझी म्हणून कडीकुलपात ठेवणे हा परिग्रह. ती शास्त्राची म्हणून वाचणाऱ्याच्या हाती देणे ही सेवा. कुलूप मठाचे असो वा संग्रहालयाचे, आत वाळवी सारखीच लागते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थाने आजोबांच्या पेटीतले एक बाड आणून दाखविले. लेखन सुरेख, पाने बहुतेक पुरी, पण शेवटचे पान नव्हते. चौकशी करता कळले की, त्यावर गुरूंचे नाव होते म्हणून घरातील एका भाविक मातेने ते काढून देवघरात ठेवले आणि पुढे वाटणीत ते देवघर दुसऱ्या गावी गेले. त्या एका पानावर लेखकाचे नाव, शक, गाव आणि आम्नाय असणार. श्रद्धेने केलेल्या त्या कृतीने पोथीची सारी साखळी तुटली. आज ती कोणत्याही संग्रहालयात गेली तरी तिच्या पाटीवर ‘लेखक अज्ञात, काल अज्ञात’ एवढेच लिहिता येईल.

आता काळही बदलला आहे. २०२४ साली मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठाचे कार्य सुरू झाले. आपल्या पोथ्यांविषयी विचारणा वाढत जाणार. पोथी द्यावी, न द्यावी, की तिची छायाचित्रे तेवढी द्यावीत, हे ज्या त्या मठाने आपल्या परंपरेस विचारून ठरवावे. सर्वांस एकच उत्तर लागू पडेल असे मला वाटत नाही. मात्र देणाराने व न देणारानेही एक काम या चातुर्मासातच करावे. प्रत्येक बाडाबरोबर एक चिठ्ठी ठेवावी : पोथी कोणत्या मठातली, कोणत्या आम्नायाची, कोणाकडून कोणाकडे आली, शेवटच्या पानावर काय लिहिले आहे, आणि हे सर्व कोणी सांगितले. ठाऊक नसेल तेथे ‘ठाऊक नाही’ असे स्पष्ट लिहावे, तर्क लिहू नये. वेष्टनाचे फडके बदलले तरी जुन्या फडक्यावरील अक्षरे उतरून घ्यावीत. आणि एखाद्या स्थानी जीर्णोद्धार निघाला असेल तर जुना दगड हलविण्यापूर्वी त्याचे तोंड कोणत्या दिशेस आहे ते प्रथम लिहून ठेवावे.