नोटीस आली, दिवस मोजा

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे आपण म्हणतो. पण धंदा करणाऱ्याला कधी कधी कोर्टाचे बोलावणे येतेच. तशी वेळ आली तर काय करावे, ते आज वाचू.

वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटी आहे. वर बिऱ्हाडे, खाली दुकाने. समजा, तिथे तुमचे लाकडी सामानाचे दुकान आहे. हाताखाली दोन कारागीर आहेत. तुम्ही एका व्यापाऱ्याकडून ५०,००० रुपयांचे प्लायवुड उधारीवर घेतले. त्याला चेक दिला. पण तुमच्या गिऱ्हाइकाने पैसे थकवले. खात्यात शिल्लक नाही. चेक न वटता परत गेला. काही दिवसांनी पोस्टमन वकिलाची नोटीस घेऊन दारात आला.

अशा वेळी काही जण नोटीस घेतच नाहीत. म्हणतात, “मी घेतलीच नाही, मग मला काय ठाऊक?” असे करू नका. पत्ता बरोबर असेल आणि तुम्ही नोटीस नाकारली, तर ती तुम्हाला मिळाली असेच कोर्ट धरते. कागद परत जातो. दिवस मात्र सुरू होतात.

दिवसांचा हिशेब

चेकचा कायदा १८८१ सालचा आहे. न वटलेल्या चेकबद्दल शिक्षेचे कलम त्यात नंतर घातले. ते कलम १३८. ते १ एप्रिल १९८९ पासून लागू झाले. त्यात दिवस असे आहेत :

१. चेक परत आल्याचे बँकेकडून कळले, की व्यापाऱ्याने ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची.

२. नोटीस मिळाली, की तुम्ही १५ दिवसांत चेकची पूर्ण रक्कम द्यायची.

३. नाही दिली, तर पुढच्या एका महिन्यात व्यापारी कोर्टात फिर्याद करू शकतो.

म्हणजे ५ तारखेला नोटीस मिळाली, तर २० तारखेपर्यंत मुदत. त्या मुदतीत पूर्ण पैसे दिले, तर या कलमाखाली केस होत नाही. गुन्हा शाबीत झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. तेव्हा नोटीस घ्या. पाकिटावर तारीख लिहा. त्याच दिवशी बोटांवर दिवस मोजा.

कागद बोलतो

पैसे दिले तर बँकेतून द्या, किंवा सहीची पावती घ्या. हप्ते ठरले तर ते कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. नुसत्या तोंडी शब्दावर राहू नका.

कधी मालच खराब निघालेला असतो. मग १५ दिवसांच्या आत वकिलाकडून लेखी उत्तर पाठवा. सोबत बिल, चलन आणि मालाचे फोटो जोडा. कारण चेकवर तुमची सही असली, की तो देण्यापोटीच दिला असे कोर्ट आधी धरून चालते. तसे नाही, हे तुम्हाला दाखवावे लागते. म्हणून कोऱ्या चेकवर सही करून कुणालाही देऊ नका. अगदी ओळखीच्या माणसालाही नको.

समन्स आले तर

समन्स आले तर तारखेला हजर राहा. गैरहजर राहिलात तर वॉरंट निघू शकते.

समन्स कुठून येईल? महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १ ऑगस्ट २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितले की, चेक देणाऱ्याची बँक जिथे, तिथेच केस चालेल. त्यामुळे पैसे येणे असलेल्यांनाच दूर हेलपाटे पडू लागले. मग २०१५ साली कायदा बदलला. आता चेक घेणाऱ्याने तो आपल्या खात्यात भरला असेल, तर ते खाते ज्या शाखेत, तिथल्या कोर्टात केस चालते. व्यापाऱ्याचे खाते सुरतेला असेल, तर समन्स सुरतेहून येईल. वसईत बसून भागणार नाही.

तडजोड केव्हाही करता येते. पण २०१० साली सुप्रीम कोर्टाने दंडक घातला, की तडजोडीला जितका उशीर, तितका भुर्दंड जास्त. लोकअदालतीतही समेट होतो. तिथला निवाडा शेवटचा. त्यावर अपील नाही.

वकिलाला पैसे नसतील तर

तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि कमी उत्पन्नाची माणसे यांना वकील फुकट मिळतो. १५१०० या फोनवरही सल्ला मिळतो. मदत मागण्यात कमीपणा नाही. दुकान वाचले, तर दोन कारागिरांची चूलही वाचते.

सांगा पाहू

१. नोटीस नाकारली तर काय होते?

२. १० तारखेला नोटीस मिळाली. पैसे देण्याची मुदत कोणत्या तारखेपर्यंत?

३. माल खराब असेल, तर उत्तरासोबत कोणते कागद जोडाल?

४. तुमच्या घरातली बिले आणि पावत्या कुठे ठेवल्या आहेत? आज एका पिशवीत नीट लावून ठेवा.