बुद्धिबळाचे ऐच्छिक नियम व संगणकाची आज्ञावली

उद्देश : नियम निःसंदिग्धपणे मांडण्याची सवय विद्यार्थ्यांस लावणे.

साहित्य : बुद्धिबळाचा पट, मोहरे, पाटी, पेन्सिल. संगणक नसला तरी चालेल.

विवेचन : ब्रिटनमध्ये १९८१ साली सिंक्लेअर झेडएक्स ८१ हा घरगुती संगणक विक्रीस आला. त्याची मूळ स्मृती अवघी १,०२४ बाइटांची होती. एका बाइटात एक रोमन अक्षर मावते. एवढ्या जागेत डेव्हिड हॉर्न यांनी बुद्धिबळ खेळणारी ६७२ बाइटांची आज्ञावली बसविली. मात्र तीन नियम तिच्यात नव्हते : किल्लेकोट, प्याद्याची बढती आणि दोन घरे चाललेल्या प्याद्यास शेजारच्या प्याद्याने वाटेतच मारणे.

या तिहींत एक भेद आहे, तो विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा. प्यादे शेवटच्या घरी पोहोचले की नाही, हे पट पाहून कळते. किल्लेकोटाचे तसे नाही. राजा व हत्ती आपापल्या मूळ घरी दिसत असले, तरी ते मध्यंतरी हलून परत आले असतील. वाटेतच मारण्यासही लगतची मागील खेळी ठाऊक असावी लागते. आपल्या जुन्या देशी खेळात राजास, शह बसण्यापूर्वी, एकदाच घोड्याप्रमाणे उडी घेता येते. तेथेही पूर्ववृत्त आठवावे लागते. पटावर न दिसणारी ही गोष्ट आज्ञावलीने वेगळी नोंदविली नाही, तर संगणक अवैध खेळीस मान्यता देईल.

ऐच्छिक नियमांसाठी आज्ञावलीत प्रत्येकी एक खूण ठेवतात. १ म्हणजे नियम लागू, ० म्हणजे नाही. खेळी वैध आहे काय हे ठरविताना संगणक ती खूण पाहतो. या खुणा पहिल्या खेळीपूर्वी उभय खेळाडूंच्या संमतीने ठरवाव्यात व डाव संपेपर्यंत बदलू नयेत. मध्येच नियम बदलल्यास एकाच्या आखलेल्या बेतावर पाणी पडते, आणि तो डाव न्याय्य राहत नाही.

कृती : दोन विद्यार्थ्यांनी किल्लेकोटाच्या नियमासह डाव मांडावा. तिसऱ्याने पाटीवर प्रत्येक बाजूच्या राजापुढे व दोन्ही हत्तींपुढे ० लिहावे आणि मोहरा हलताच त्याचे १ करावे. दहा खेळ्यांनंतर बाहेर थांबलेल्या चौथ्यास बोलावून विचारावे, “पांढऱ्यास किल्लेकोटाचा हक्क उरला आहे काय?” प्रथम पाटी झाकावी, नंतर दाखवावी. दोन्ही उत्तरांतील फरक वर्गापुढे मांडावा.

स्वाध्याय :
१. तीन ऐच्छिक नियमांपासून किती निरनिराळे खेळ होतील? (उत्तर : २ × २ × २ = ८)
२. देशी राजाच्या उडीसाठी पाटीवर कोणत्या नोंदी लागतील?
३. आपल्या गावी खेळल्या जाणाऱ्या एखाद्या खेळाचा वादाचा नियम असा लिहा, की तो खेळ कधीही न पाहिलेल्या मुलासही निकाल देता यावा.

तिसऱ्या प्रश्नास पुरेसा वेळ द्यावा. लिहिलेला नियम दुसऱ्या विद्यार्थ्याकडून वाचवून घ्यावा; जेथे तो अडेल, तेथेच नियम अपुरा आहे असे समजावे.