'थँक यू'च्या पुढची कृतज्ञता: लहान मुले, सणांची चित्रपुस्तके आणि धम्म



न्यूझीलंडमध्ये वाढणारे आपले मूल तिसऱ्या वर्षीच 'थँक यू' म्हणायला शिकते. बसमधून उतरताना ड्रायव्हरला हाक मारून थँक यू म्हणते. सवय उत्तम आहे. पण सुट्टीत लायब्ररीतून आपण आभाराची जी चित्रपुस्तके आणतो, ती एकदा नीट चाळून पाहा. बहुतेकांत एक यादी असते: घराबद्दल धन्यवाद, खाऊबद्दल धन्यवाद, खेळण्यांबद्दल धन्यवाद. मूल वस्तू मोजते. त्या कोणी दिल्या, देणाऱ्याला काय पडले, हे पानावर येतच नाही.

धम्मात कृतज्ञतेसाठी दोन शब्द जोडीने येतात: कतञ्ञू आणि कतवेदी. कतञ्ञू म्हणजे आपल्यासाठी केलेले जाणणारा. कतवेदी म्हणजे ते जाणल्याचे कृतीतून दाखवणारा. अंगुत्तर निकायात भगवंतांनी दोन प्रकारची माणसे जगात दुर्मीळ सांगितली आहेत: आपणहून आधी उपकार करणारा, आणि झालेला उपकार जाणून त्याला कृतीने उत्तर देणारा. महामंगलसुत्तातही गौरव, नम्रता आणि समाधान यांच्याच ओळीत कृतज्ञता आहे. आपली मुले विहारात हे सुत्त तोंडपाठ म्हणतात; अर्थ मात्र पालकांनीच भरायचा असतो.

तो भरायला चित्रपुस्तक हे फार चांगले साधन आहे, कारण चार-पाच वर्षांच्या मुलाला 'उपकार' ही कल्पना कळत नाही, माणूस कळतो. म्हणून वाचताना मी तीन प्रश्न धरून ठेवतो. हे कोणी केले? त्याला काय कष्ट पडले? आता आपण काय करू शकतो? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलाच्या हाताने होण्यासारखे हवे: पाणी देणे, फोन करणे, खाऊ वाटून घेणे.

आपल्या नव्या देशाने या कामासाठी एक सुंदर सण दिला आहे. २०२२पासून मातारिकी ही इथली सार्वजनिक सुट्टी झाली. मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका. जून-जुलैच्या थंडीत पहाटे त्या ईशान्येला पुन्हा दिसू लागल्या की माओरी नववर्ष सुरू होते. गेलेल्यांची आठवण, असलेल्याबद्दल आभार आणि पुढच्या वर्षाचा विचार, असे या सणाचे तीन भाग. प्रत्येक ताऱ्याकडे एक विषय आहे: तुपुआनुकू म्हणजे जमिनीत पिकणारे अन्न, वाईती म्हणजे गोडे पाणी, वाईता म्हणजे समुद्र. पोहुतुकावा हा तारा वर्षभरात गेलेल्या माणसांचा. मिरियामा कामो यांचे 'द स्टोलन स्टार्स ऑफ मातारिकी' हे झॅक वाइपारा यांच्या चित्रांचे पुस्तक लहान मुलांना फार आवडते. नऊपैकी दोन तारे चोरीला जातात आणि आजी-आजोबांबरोबर आलेली नातवंडे ते शोधतात, अशी गोष्ट आहे.

पोहुतुकावाच्या पानावर जरा थांबा. आपल्यापैकी कित्येकांचे आई-वडील नागपूरला, अकोल्याला, नांदेडला गेले आणि आपण विमानाचे तिकीट शोधत राहिलो. मुलांनी त्या आजोबांना फक्त मोबाइलच्या पडद्यावर पाहिलेले असते. त्या पहाटे हिल्सबरोच्या चढावर उभे राहून आम्ही त्यांचे नाव घेतो आणि त्यांनी केलेले एक काम सांगतो. एवढेच. ताऱ्याकडे काही मागणे आपल्या धम्मात बसत नाही, आणि ते मुलांना सांगायला हरकत नाही. पण आठवण ठेवणे पुरेपूर बसते. इथल्या भूमिपुत्रांच्या सणात आपण पाहुणे आहोत, हेही त्याच वेळी सांगावे.

डिसेंबरची पुस्तके मला कमी उपयोगी वाटतात. शहाणे वागलात तर भेट, नाहीतर नाही, हा व्यवहार झाला. शाळेतून आली तर वाचावीत, त्यावर वाद नको.

आता आपले सण. बुद्धपौर्णिमेच्या चित्रपुस्तकात बोधिवृक्ष असतोच. परंपरा सांगते की संबोधीनंतर भगवंत एक आठवडा पापणी न लववता त्या झाडाकडे पाहत राहिले. सावली देणाऱ्या झाडालाही विसरायचे नाही, हे तीन वर्षांच्या मुलाला लगेच पटते. जातककथा मात्र काही पालकांना पुनर्जन्मामुळे नकोशा वाटतात. मी त्या प्राण्यांच्या गोष्टी म्हणून वाचतो. पुरातून वाचवलेले साप, उंदीर आणि पोपट उपकार स्मरतात आणि राजपुत्र विसरतो, ही सच्चंकिर जातकातली गोष्ट समजायला पूर्वजन्माची गरज पडत नाही.

१४ एप्रिलला मात्र पालकांनी सावध राहायला हवे. "बाबासाहेबांनी आपल्याला सगळे दिले" एवढेच ऐकलेले मूल हात जोडते आणि पान उलटते. त्यापेक्षा भेट मिळालेल्या एका पुस्तकाची गोष्ट सांगा. शाळकरी भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाले म्हणून सभा भरली आणि कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. आयुष्याच्या शेवटी, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, १९५६ साली, बाबासाहेबांनी तो प्रसंग लिहून ठेवला. जोतीराव फुल्यांना त्यांनी १९४६ साली 'हू वेअर द शूद्राज?' अर्पण केले. कतवेदी म्हणजे काय, याचे याहून सोपे उदाहरण मला सापडलेले नाही.

आणि कृतज्ञतेला मर्यादा असते, हेही त्यांनीच सांगितले. २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत त्यांनी आयरिश नेते डॅनियल ओकॉनेल यांचा दाखला दिला: माणसाने स्वाभिमान गहाण टाकून कृतज्ञ राहू नये आणि राष्ट्राने स्वातंत्र्य देऊन. हा मुद्दा आपल्या घरात सुटता कामा नये. गावगाड्यात आपल्या पणजोबांनाही 'कृतज्ञता' शिकवली जातच होती. दिवसभर राबूनही शिळी भाकर मिळाली की "जोहार मायबाप" म्हणायचे. हक्काचे होते ते उपकार म्हणून घ्यायचे. बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीची जाण ठेवून बाबासाहेब १९१७ साली तिथे नोकरीला गेले, पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना तेव्हा ते परत आले. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे असे सांगता येते: कोणी मदत केली तर लक्षात ठेवायची, पण मदत करणाऱ्याने अपमान केला तर "असे बोलू नका" म्हणायचे. वर्गात कोणी त्याच्या नावाची किंवा डब्याची चेष्टा करून वर "आम्ही तुला खेळायला घेतो ना?" म्हणाले, तर हे वाक्य त्याच्या कामी येते. या वयासाठी सौम्या राजेंद्रन यांचे तुलिका प्रकाशनाचे 'भीमराव आंबेडकर: द बॉय हू आस्क्ड व्हाय' वाचावे. 'भीमायन' थोडे थांबून, दहाव्या वर्षानंतर.

आपल्या घरचे पुस्तक मात्र दुकानात मिळणार नाही. ए-फोर कागद दुमडून आठ पाने होतात. एका पानावर एक माणूस: शेणा-मातीचे हात घेऊन शाळेच्या फीचे पैसे जमवणारी आजी, पहिल्या वर्षी आपल्याला खोली देणारा इथला मित्र, शेजारी. वर चित्र मुलाने काढायचे. खाली दोनच ओळी: त्यांनी काय केले, आपण काय करणार. माझ्या मुलीने आजीच्या पानावर दुसरी ओळ स्वतः सांगितली: "आजीला रविवारी मी गोष्ट वाचून दाखवीन." आजीचे शिक्षण दुसरीपर्यंत. आता दर रविवारी भारतातल्या सकाळी सात वाजता ती चष्मा लावून फोनसमोर बसते आणि नात अडखळली की पुढचा शब्द सांगते.